थर्टी फर्स्ट, हुरडा आणि संक्रांत: घरी कॉकटेल करताना सोलापूरकरांना पडणारे प्रश्न

डिसेंबर लागला की माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागतात. मित्र, भाचे, मित्रांच्या बायका, सगळे विचारतात आणि मी प्रत्येकाला अर्धा अर्धा तास सांगत बसतो, म्हणून म्हटलं एकदा सगळं एकाच ठिकाणी लिहून टाकावं. आमच्या गच्चीवर बरीच वर्षं थंडीतल्या पार्ट्यांची पेयं मीच बनवतोय आणि माझं मत आता पक्कं झालंय, की आपल्याकडं या दिवसात बाजारात जे फळ येतं त्याच्यापुढं बाटलीतली रंगीत सिरपं काहीच नाहीत. फक्त माप पाळायचं आणि फळ ताजं पाहिजे.

सुरुवात कुठून करू? घरात शेकर-बिकर काहीच नाही.

काही विकत आणू नका. शेकर म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा चालतो, जिमवाल्या पोरांची प्रोटीनची बाटली चालते (आधी गरम पाण्यानं नीट धुवा, नाहीतर वास जात नाही), रुंद तोंडाची लोणच्याची काचेची बरणी पण चालते. गाळायला चहाची गाळणी. मापाला खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते छोटं टोपण घ्या, त्याच्यावर ५, १० आणि १५ मिलीच्या रेषा असतात. घरातला चहाचा चमचा साधारण ५ मिलीचा असतो. एवढ्यावर माझी पहिली तीन-चार वर्षं आरामात निघाली.

अंदाजानं ओतलं तर काय बिघडतं? आम्ही तर कायम तसंच करतो.

बिघडतं ते दुसऱ्या ग्लासला. पहिला ग्लास चुकून भारी जमतो, सगळे वाहवा करतात आणि दुसरा तसा होतच नाही कारण किती काय घातलं हेच आठवत नाही. शिवाय आपण किती प्यायलो याचा हिशोब राहत नाही, आणि घरच्या पार्टीत गडबड होते ती बहुतेक वेळा यामुळंच.

डोक्यात एकच माप ठेवा: ४५ मिली दारू, २० मिली लिंबाचा रस, १५ ते २० मिली सिरप. आंबट, गोड आणि कडक यांचा हा तोल जगभरातल्या अर्ध्या कॉकटेलचा पाया आहे, सावर म्हणतात त्याला. दारू बदला, सिरप बदला, नवीन कॉकटेल तयार. बारमध्ये मोठा पेग ६० चा आणि लहान ३० चा असतो, मी घरी मुद्दाम ४५ धरतो कारण घरी माणूस एकावर थांबत नाही.

लई गोड होतंय किंवा लई आंबट, शेवटी काय करू?

गोड झालं तर लिंबू ५ मिली वाढवा, आंबट झालं तर सिरप ५ मिली. पाणी ओतून दुरुस्ती करू नका, सगळंच पांचट होतं. आणि एक चिमूट मीठ. खरंच सांगतो, फळाच्या कुठल्याही पेयात दोन दाणे मीठ पडलं की फळाची चव पुढं येते, आपली आई लिंबू सरबतात घालते ते उगाच नाही. लिंबू मात्र ताजं पिळलेलं पाहिजे, दुपारी पिळून ठेवलेला रस रात्री कडवट लागतो. मोठ्या रसाळ कागदी लिंबातून २० मिलीपर्यंत रस निघतो, मध्यम असेल तर १५ धरा, त्या हिशोबानं आणा.

कुठली दारू घेऊ, महागाची लागते का?

नाही लागत. लिंबू, सिरप आणि बर्फ घालून प्यायची असेल तर भारी सिंगल माल्ट वाया जाते, ती ज्याला नुसती प्यायचीय त्याच्यासाठी ठेवा. थंडीसाठी माझी पहिली पसंती डार्क रम. ओल्ड मंक १९५४ पासून आहे आणि आपल्याकडच्या बऱ्याच लोकांची पहिली ओळख तिच्याशीच झालेली असते, तिच्यात जो व्हॅनिला-कॅरामलसारखा वास येतो तो गूळ, संत्रं, दालचिनी आणि जायफळ यांच्याबरोबर फार छान बसतो. आणि रम होते मळीपासून, म्हणजे उसापासून. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळं रममध्ये गूळ घातला की एकाच घरातले दोघं भेटल्यासारखं लागतं.

डाळिंब किंवा बोराचा स्वाद स्वच्छ पाहिजे असेल तर वोडका घ्या. जिन घेतली तर तिच्यातल्या मसाल्याचा वास द्राक्षाबरोबर चांगला लागतो. ब्रँडी गरम पेयांसाठी. एका पार्टीला दोनपेक्षा जास्त प्रकार आणू नका, गोंधळ होतो आणि अर्ध्या बाटल्या वर्षभर कपाटात पडून राहतात. आपल्याकडच्या बहुतेक रम-व्हिस्कीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे पेग ओतला की त्यातला निम्म्याच्या जवळ जाणारा भाग नुसतं अल्कोहोल, हे लक्षात ठेवून माप घ्या.

डाळिंबाचं सिरप घरी कसं करायचं?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळं जरा सविस्तर.

बारमध्ये लाल रंगाचं ग्रेनाडीन नावाचं सिरप वापरतात ना, ते मुळात डाळिंबाचं. फ्रेंचमध्ये डाळिंबाला ग्रेनाद म्हणतात, त्यावरून ते नाव आलं. आज बाजारात मिळणाऱ्या कित्येक बाटल्यांत डाळिंब नावालासुद्धा नसतं, साखर, रंग आणि ॲसिड असतं. आणि आपण कुठं राहतो बघा. सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, देशाचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावात आहे, सांगोल्यापासून पंढरपूरपर्यंत बागा आहेत. आपण जर रंगाच्या पाण्याची बाटली विकत आणली तर मला मनापासून वाईट वाटतं.

भगवा जातीची तीन चांगली डाळिंबं घ्या, मृग बहाराचं फळ याच दिवसात येत असतं. दाणे काढताना मधला पांढरा-पिवळा पापुद्रा एकही राहू देऊ नका, कडूपणा त्यातच असतो. आता मुख्य गोष्ट: दाणे मिक्सरला लावायचे नाहीत. मिक्सरमध्ये आतली बी फुटते आणि रस तुरट होतो, मग कितीही साखर घाला, जिभेवर तो तुरटपणा राहतोच. दाणे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचे, हवा काढून तोंड बांधायचं आणि वरून लाटणं फिरवायचं, पोळी लाटतो तसं हलक्या हातानं. दाणे पटपट फुटल्याचा आवाज येतो आणि पिशवी आतून लालभडक होते. मग पातळ सुती फडक्यातून पिळून घ्या. आमच्या आईला हे काम फार आवडतं, ती स्वतः थेंबभर पण घेत नाही पण डाळिंबाची पिशवी कुणाला हात लावू देत नाही, तिच्या बोटांना दोन दिवस रंग असतो.

मोठी तीन फळं असली तर साधारण ३०० मिली रस निघतो. त्याच्यात ३०० ग्रॅम साखर घाला, स्टीलच्या पातेल्यात मंद गॅसवर फक्त साखर विरघळेपर्यंत गरम करा. उकळी येऊ द्यायची नाही, उकळला की रंग काळपट होतो आणि चव जॅमसारखी येते. उतरवून चमचाभर लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, गार झालं की उकळत्या पाण्यानं धुतलेल्या कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतं.

वोडका ४५, लिंबू २०, हे सिरप २०, भरपूर बर्फ घालून बारा सेकंद हलवा, गाळा. वरून चार डाळिंबाचे दाणे टाका. एवढंच करून बघा आधी.

किती वेळ हलवायचं ते कसं कळणार?

स्टीलचा डबा असेल तर हातालाच कळतं. पाच-सहा सेकंदांनी डबा गार लागतो, दहा-बाराला बाहेरून दव धरतं आणि बोटं बधिर व्हायला लागतात, तिथं थांबा. या हलवण्यात बर्फ वितळून जे पाणी मिसळतं ते कॉकटेलचा भागच आहे, ते नसेल तर घसा जळतो. फळाचा रस किंवा लिंबू असेल तर जोरात हलवायचं, नुसत्या दारू आणि वाईनचं काही असेल तर लांब चमच्यानं शांतपणे ढवळायचं.

बोरं, ऊस, द्राक्षं यांचं काय करता येईल?

बोराचं मला फार कौतुक आहे कारण ते कुणी वापरतच नाही. पिकलेली गावरान बोरं, थोडी सुरकुतलेली पण सडलेली नाहीत अशी पाव किलो घ्या, धुवून हातानं ठेचा, बी राहू द्या. बुडेल एवढं पाणी, मूठभर गूळ, छोटा आल्याचा तुकडा घालून पंधरा मिनिटं मंद शिजवा आणि गाळा. आंबट-गोड, जरा मातकट असा स्वाद येतो, रमबरोबर एक नंबर. ॲपल बोर घेऊ नका, ते पाणचट असतं.

उसाचा रस ताजाच पाहिजे, गुऱ्हाळावरून आणला की तासा-दोन तासात संपवा, काळा पडतो आणि आंबायला लागतो. रम ४५, उसाचा रस १००, अर्धं लिंबू आणि आलं. इथं वेगळी साखर अजिबात नको.

द्राक्षं जानेवारीनंतर चांगली गोड यायला लागतात, नान्नज भागातली आली की घ्या. डिसेंबरात मिळतात ती बरेचदा आंबट असतात, थर्टी फर्स्टला द्राक्षाचा हट्ट धरू नका. आठ-दहा द्राक्षं शेकरमध्येच लाकडी रवीच्या किंवा बत्त्याच्या टोकानं चेचा, त्यावर जिन, लिंबू आणि थोडं सिरप.

गुळाचं सिरप कसं?

समान वजनाचा गूळ आणि पाणी, विरघळेपर्यंत गरम, गाळून घ्या. गाळायचंच, कारण तळाला कचरा राहतो. गडद रंगाचा गूळ चालेल, उलट चव जास्त.

गरम कॉकटेल कुठलं सोपं आहे?

टॉडी. जाड काचेचा ग्लास किंवा चहाचा मोठा मग आधी गरम पाण्यानं विसळून घ्या म्हणजे तडकत नाही आणि पेय लगेच गार होत नाही. स्टीलचा पेला नको, ओठ भाजतो. त्यात ४५ मिली रम किंवा ब्रँडी, एक मोठा चमचा गुळाचं सिरप, १० मिली लिंबू, दोन लवंगा, आल्याची चकती, वरून १२० मिली गरम पाणी. पाणी खळखळ उकळतं नको, दोन मिनिटं थांबून ओता, नाहीतर दारूची वाफ थेट नाकात जाते आणि पहिल्या घोटालाच ठसका लागतो.

आपल्याकडं थंडी म्हणजे दिवसा ऊन आणि रात्री अकरानंतर गच्चीवर चादर घ्यावी लागते अशी. त्यामुळं गरम पेय सुरुवातीला देऊ नका, संध्याकाळी सातला कुणाला नको असतं. जेवणं झाल्यावर, सगळे चादरी घेऊन बसल्यावर द्या.

मसाला वाईन म्हणजे मल्ड वाईन घरी होते का? कुठली वाईन घेऊ?

होते, आणि घरभर इतका छान वास सुटतो की नुसत्या वासासाठी करावी. रेड वाईनची ७५० मिलीची एक बाटली, एक संत्रं (साल पातळ सोलून आणि रस वेगळा), दालचिनीचे दोन तुकडे, पाच-सहा लवंगा, एक चक्रीफूल, तीन चमचे गूळ. सगळं स्टीलच्या पातेल्यात सगळ्यात बारीक गॅसवर वीस मिनिटं. कडेला वाफ दिसली पाहिजे पण बुडबुडा येता कामा नये. अल्कोहोल ७८ अंशाला उकळतं, पाण्याच्या आधी, त्यामुळं वाईन उकळली की दारू उडून जाते आणि मसाल्याचा काढा उरतो. ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा कल्हई नसलेलं पितळ वापरू नका, वाईन आणि संत्रं दोन्ही आंबट, भांड्याचा धातू त्यात उतरतो.

वाईन ड्राय घ्या, गोडी आपण घालणारच आहोत. गोव्याकडची पोर्ट आधीच गोड असते, तीच असेल तर गूळ वगळा. आणि वाईन म्हटलं की लोकांना एकदम नाशिकच आठवतं, पण आपल्याच जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ फ्रॅटेलीच्या द्राक्षबागा आणि वायनरी आहे. फ्रॅटेली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. तिथं सांजोवेजे हे इटलीचं द्राक्ष लावलेलं आहे, ते थोडं आंबटसर आणि मसाल्याला झेपणारं. त्यांची वरच्या किमतीची बाटली मात्र गरम करू नका, साधी घ्या.

दुधाचं किंवा अंड्याचं काही करायचं असेल तर?

नाताळला एगनॉग करतात, त्यात कच्चं अंडं असतं. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जंतूंचा त्रास होऊ शकतो म्हणून मी घरी कच्चं वापरत नाही, दूध-अंड्याचं मिश्रण मंद आचेवर सतत ढवळत चमच्याच्या पाठीवर साय धरेल इतपत शिजवून, गार करून मग रम घालतो. घाई असेल तर अंडं सोडा आणि मसाला दूध करा: दूध, वेलदोडा, जायफळ. गॅस बंद करून दोन-तीन मिनिटांनी गूळ घाला, उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटतं. सगळ्यात शेवटी ३० मिली रम. लिंबू याच्या जवळपास पण नको.

दारूनं थंडी पळते, खरं का?

नाही. अंग गरम वाटतं कारण कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर येते, म्हणजे खरं तर शरीर आतून गार होत असतं. त्यामुळं शेतावर उघड्यावर बसणार असाल तर स्वेटर आणि चादर पाहिजेच. सर्दी झालीय म्हणून ब्रँडी, हे पण औषध नाही. आणि सर्दीच्या, झोपेच्या किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल तर सरळ सुट्टी घ्या. गरोदर बाईला तर एक घोट पण नाही, आग्रह करणाऱ्याला तिथंच थांबवा.

बारा-पंधरा जण येणार आहेत, प्रत्येकाला वेगळं बनवत बसू का?

अजिबात नको, पंच करा. पंच हा शब्द आपल्याच पाच वरून गेलाय असं मानतात: दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला किंवा चहा अशा पाच वस्तू. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या खलाशांनी हे इथून इंग्लंडला नेलं.

जुनं माप आहे, एक आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पातळ. रमच्या एका ७५० च्या बाटलीला २५० मिली लिंबाचा रस (पंधरा-सोळा लिंबं लागतात), एक लिटर हलका कोरा चहा गार करून, आणि सिरप त्या मापानं ५०० येतं पण मला ते फार गोड लागतं, मी डाळिंबाचं ३५० घालतो. वरून संत्र्याच्या चकत्या, थोडं जायफळ किसून. याचे सोळा ग्लास होतात आणि प्रत्येकात साधारण ४७ मिली रम असते. हा हिशोब पाहुण्यांना सांगून टाका, पंच सरबतासारखा लागतो आणि लोक नकळत तीन-चार ग्लास पितात. सकाळीच करून फ्रिजमध्ये ठेवला तर चव मुरते, बर्फ मात्र वाढतानाच घाला.

बर्फाला वास येतो, का?

दोन कारणं. एक म्हणजे फ्रीजरमध्ये उघडा ठेवलेला बर्फ शेजारच्या मटणाचा, लसणाचा वास ओढून घेतो. दुसरं, आपल्याकडं पाणी रोज येत नाही, टाकीत किंवा पिंपात साठवलेल्या पाण्याचा बर्फ केला की तो वास ग्लासात उतरतो. प्यायचं फिल्टरचं पाणी घ्या, उकळून गार करा आणि झाकणाच्या डब्यात गोठवा. पंचसाठी स्टीलच्या डब्यात एकच मोठा ढेप गोठवा, तो हळू वितळतो आणि पेय पांचट होत नाही. माणशी अर्धा किलो बर्फ धरा, हे ऐकून लोकांना जास्त वाटतं पण रात्री दहाला बर्फ संपतोच संपतो आणि मग बाजारातली लादी आणतात, ती प्यायच्या पाण्याची असेलच असं नाही. लादी बाटल्या गार करायला वापरा, ग्लासात टाकू नका.

सोडा पण शेकरमध्येच घालायचा का?

नाही, नाही, नाही. एका थर्टी फर्स्टला मी घाईत सोडा डब्यात ओतला, झाकण लावलं आणि हलवला. झाकण उडून वहिनीच्या कपाळाला लागलं, डाळिंबाचं लाल पाणी भिंतीवर आणि तिच्या साडीवर. जखम छोटी होती पण सगळ्यांची रात्र तिथंच विस्कटली, आणि चूक पूर्ण माझी होती. सोडा, टॉनिक, कोल्ड्रिंक, बियर, फेसाळ वाईन यातलं काहीही बंद डब्यात हलवायचं नाही. बाकी सगळं हलवून ग्लासात गाळा, मग वरून हळू सोडा.

न पिणाऱ्यांना काय देऊ? त्यांच्यासाठी कोल्ड्रिंक आणलंय.

हे मला फार लागतं. पिणाऱ्याला डाळिंबाचे दाणे टाकलेला देखणा ग्लास आणि न पिणाऱ्याला प्लॅस्टिकच्या कपात दोन लिटरच्या बाटलीतलं कोल्ड्रिंक, असं का? पार्टी दोघांचीही आहे. आमच्याकडं नियम आहे, की आधी बिनदारूचं पेय तयार होतं, तेच सगळ्यांना, तेच ग्लास, आणि ज्याला पाहिजे त्याच्या ग्लासात दारू मापून पडते. त्यामुळं कुणी काय पितोय हे कुणाला कळत नाही आणि नाही म्हणणाऱ्याला दहा वेळा कारण सांगत बसावं लागत नाही.

डाळिंबाचं सिरप ३०, लिंबू २०, काळं मीठ, सोडा. बोराचं सिरप गरम पाण्यात, वर मिरपूड. टॉडीतली दारू काढून आल्याचा गुळाचा चहा. मुलांसाठी वेगळा जग ठेवा आणि तो वेगळ्या टेबलावर, वेगळ्या रंगाचा. चुकून ग्लास बदलायला वेळ लागत नाही.

हुरडा पार्टीत कॉकटेल चालेल का?

शेतमालकाला विचारा. बऱ्याच हुरड्याच्या ठिकाणी कुटुंबं येतात आणि तिथं दारू चालत नाही, ते बरोबरच आहे. स्वतःचं शेत असेल तरी माझं मत ऐका: कोवळा हुरडा आगटीतून काढून हातावर चोळलेला, त्याच्याबरोबर शेंगाचटणी, दही, गूळ, ही चव इतकी नाजूक असते की आधी दारू प्यायलात तर ती कळणारच नाही. आधी हुरडा पोटभर खा, उसाचा रस प्या. संध्याकाळी ऊन उतरल्यावर हलकं काहीतरी. आणि आगटीच्या जवळ दारूची बाटली उघडायची नाही, ओतायची तर मुळीच नाही, ४२ टक्क्यांची दारू पेट घेते.

चखण्याला काय?

कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगाचटणीवर थोडं तेल. आणखी काही लागत नाही. फक्त कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते विचारून घ्या. पहिल्या ग्लासाच्या आधी पोटात काहीतरी जाऊ द्या, उपाशीपोटी दारू फार लवकर चढते.

संक्रांतीसाठी काही खास?

ग्लासच्या कडेला गुळाचं घट्ट सिरप बोटानं फिरवा आणि भाजलेल्या पांढऱ्या तिळात कड दाबा. प्रत्येक घोटाला तीळगूळ. आत रम, संत्र्याचा रस, लिंबू. अजून पुढं जायचं तर तीन चमचे तीळ खमंग भाजून १८० मिली रममध्ये रात्रभर भिजत ठेवा, सकाळी गाळा, रमला तिळाचा सुंदर वास येतो.

पण एक सांगतो, हे मी संक्रांतीनंतरच्या शनिवार-रविवारी करतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसात, तैलाभिषेक, अक्षता, होम असताना आमच्या घरात बाटली उघडत नाही. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं नंदीध्वज घेऊन दारावरून जातात तेव्हा आपण कसे असावं हे आम्हाला लहानपणीच शिकवलंय. येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला पण तसंच, त्या दिवशी शेतात पांडवांची पूजा असते आणि प्यायला ज्वारीची, ताकातली आंबील, मातीच्या मडक्यातली. त्या आंबिलीसारखं दुसरं पेय नाही, तिच्यात काही मिसळायचा विचारही नको.

घरी प्यायला परवाना लागतो का? वय किती पाहिजे?

लागतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्याप्रमाणे दारू विकत घ्यायला, बाळगायला, प्यायला परवाना पाहिजे. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाचा असतो, एक दिवसाचा दुकानावर मिळतो, वर्षाचा आणि आजीवन पण असतो. बियर-वाईनला २१ वर्षं पूर्ण पाहिजेत, रम-व्हिस्की-वोडकाला २५. कॉलेजच्या पोरांना हे नीट सांगा, २२ वर्षांच्या भाच्याला रम देणं बेकायदा आहे. आणि घरच्या पार्टीत पैसे घेऊन पेग विकायचे नाहीत, त्याला वेगळं लायसन लागतं.

ओळखीचा माणूस स्वस्तात आणून देतो म्हणतोय, घेऊ का?

नको. सीलबंद नसलेली, दुकानाबाहेरची, दुसऱ्या राज्यातून लपवून आणलेली, हातभट्टीची, काहीच नको. भेसळीत मिथेनॉल असेल तर ते वासानं किंवा चवीनं ओळखता येत नाही, शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते डोळ्यांची नस जाळतं, माणूस आंधळा होतो किंवा जातो. आपल्या जिल्ह्यानं हातभट्टीपायी फार भोगलंय, २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांनी ऑपरेशन परिवर्तन सुरू केलं आणि तांड्यांवरच्या कुटुंबांना दुसऱ्या रोजगाराकडं वळवायला लागले, ते काम मला फार मोलाचं वाटतं. पार्टीनंतर कुणाला धूसर दिसायला लागलं, पोटात खूप दुखायला लागलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

दोनच ग्लास घेतलेत, गाडी चालवू ना?

नाही. कायद्यात मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे, पहिल्यांदा सापडलात तर १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडाचं सोडा. थर्टी फर्स्टच्या रात्री विजापूर रोडला, होटगी रोडला धुकं आणि ऊसाच्या ट्रॉल्या असतात, ट्रॉलीला मागं लाइट नसतो, शुद्धीतल्या माणसाला पण ती शेवटच्या क्षणाला दिसते. आम्ही येणाऱ्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या दारातच एका परातीत जमा करतो आणि ती परात आईच्या खोलीत जाते. गच्चीवर सतरंज्या आणि सोलापुरी चादरी काढून ठेवलेल्या असतात, जागा कमी पडली तर खाली हॉलमध्ये.

सिरप उरलं तर?

आमच्याकडं उरत नाही, पण उरलंच तर १ तारखेच्या सकाळी डाळिंबाचं सिरप गार दुधात घालू नका, आंबट असल्यामुळं दूध फाटतं. दह्यात घाला, मुलं वाटीभर खातात. बोराचं सिरप पोळीबरोबर. गुळाचं तर चहालाच. बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी अख्खी बाटली टाकून द्या, वरचं काढून खालचं वापरायचं नाही. आणि बाटलीवर तारीख लिहा, आमच्या फ्रिजमध्ये आईनं चिकटपट्टीवर पेनानं लिहिलेलं असतं, डाळिंब, २८ डिसेंबर, आणि खाली बारीक अक्षरात, हात लावू नये.